तारापूरचे इंधन आणि सत्तांतरांची साठ वर्षे

१/
आजच्या पालघर जिल्ह्यात, समुद्रकाठी, तारापूरचे अणुवीज केंद्र उभे आहे. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी व्यापारी तत्त्वावर वीज देण्यास आरंभ केला. तेव्हापासून दिल्लीत बारा जण पंतप्रधानपदी बसले आणि वॉशिंग्टनमध्ये दहा जण राष्ट्राध्यक्ष झाले. भट्ट्या त्याच राहिल्या. त्यांना इंधन देणारा देश मात्र बदलत गेला: आधी अमेरिका, मग फ्रान्स, मग चीन, मग रशिया.

२/
तारापूरचा उल्लेख अनेकदा 'आशियातील पहिले अणुवीज केंद्र' असा केला जातो. तो बरोबर नाही. जपानमधील तोकाईची अणुभट्टी १९६६ मध्येच वीज देऊ लागली होती. पण तारापूरचे महत्त्व पहिलेपणात शोधण्याची गरजही नाही. एका देशातील विजेचे भवितव्य दुसऱ्या देशातील निवडणुकीला बांधले गेले तर काय होते, याचा इतका दीर्घ आणि इतका तपशीलवार पुरावा जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

३/
सत्ता बदलली की अणुधोरण बदलते, असे सर्रास म्हटले जाते. तारापूरचा इतिहास वाचला की हे विधान अर्धेच खरे वाटू लागते. दोन सरकारांनी परस्परांना दिलेली वचने सत्तांतरात विरघळली, हे खरे. परंतु ज्या निर्णयांत विरोधी बाकांचाही हात होता, ते निर्णय सरकारे येऊन गेली तरी हलले नाहीत, हेही तितकेच खरे. २०२५ च्या नव्या अणुकायद्याकडे पाहताना हा दुसरा अर्धा भाग विसरला जात आहे.

४/
आरंभ १९६३ पासून. ८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात अणुसहकार्याचा करार झाला. मुदत तीस वर्षांची. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन अणुभट्ट्या उभारून द्यायच्या, त्यासाठी अमेरिकेने सुमारे ८ कोटी डॉलरचे सवलतीचे कर्ज द्यायचे आणि करार संपेपर्यंत लागेल तेवढे समृद्ध युरेनियम विकायचे. वीज मिळायची ती महाराष्ट्र आणि गुजरात या राज्यांना; कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या पश्चिम किनाऱ्याला अणुवीज परवडते हे सिद्ध करणे हा त्यामागील हेतू होता.

५/
येथे थोडे विज्ञान आवश्यक आहे. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५ चे प्रमाण जेमतेम ०.७ टक्के असते. तारापूरच्या भट्ट्यांना ते दोन ते तीन टक्क्यांपर्यंत वाढवलेले लागते. ही वाढ करण्याचे कारखाने तेव्हा मूठभर देशांकडे होते; भारताकडे नव्हते. याउलट होमी भाभांची दीर्घकालीन योजना नैसर्गिक युरेनियम, जड पाणी आणि पुढे थोरियम यांवर बेतलेली होती. म्हणजे तारापूर हा भाभांच्या स्वतःच्या आराखड्यालाच अपवाद होता. लवकर आणि स्वस्तात काही उभे करून दाखवण्यासाठी त्यांनी तो पत्करला.

६/
करारात एक अट होती, आणि पुढचे सारे रामायण तिच्यातून घडले. तारापूरमध्ये अमेरिकेने पुरवलेल्या इंधनाखेरीज दुसरे इंधन वापरायचे नाही. विक्रेता एकच, गिऱ्हाईक एकच. भाभांनी आणि नेहरूंनी ही अट मान्य केली, कारण तीस वर्षांचा पुरवठा लेखी मिळत होता. नेहरू १९६४ मध्ये गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लांवरील विमान अपघातात भाभाही गेले. करारावर विश्वास ठेवणारी दोन्ही माणसे भट्टी पेटण्याआधीच नाहीशी झाली होती.

७/
१८ मे १९७४. पोखरण. त्या स्फोटासाठी वापरलेले प्लुटोनियम तारापूरचे नव्हते. ते तुर्भ्याच्या 'सायरस' या संशोधन अणुभट्टीतून आले होते. सायरस कॅनडाच्या मदतीने उभी राहिली होती आणि तिच्यातील जड पाणी अमेरिकेने दिले होते. तारापूर आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली होते व तेथे कोणताही करारभंग झालेला नव्हता. पण शिक्षा वाटली जाते तेव्हा एवढा बारकावा कोण पाहतो?

८/
कॅनडाने सहकार्य थांबवले आणि १९७६ मध्ये ते औपचारिकरीत्या संपवले. राजस्थानातील दुसरी अणुभट्टी अर्धवट राहिली. ती भारतीय अभियंत्यांनी पूर्ण करून १९८१ मध्ये चालू केली. अणुसाहित्य पुरवणाऱ्या राष्ट्रांनी एकत्र येऊन पुरवठादारांचा गट स्थापन केला. अमेरिकेतील प्रतिक्रिया मात्र सावकाश पिकली, आणि ती पिकेपर्यंत दोन्ही राजधान्यांमध्ये सत्तांतर झाले होते.

९/
जानेवारी १९७७ मध्ये जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले. अण्वस्त्रप्रसाराला आळा घालणे हा त्यांच्या आस्थेचा विषय होता. मार्च १९७७ मध्ये मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. इंदिरा गांधींचे कट्टर विरोधक, गांधीवादी, अणुबाँबला मनापासून विरोध असलेले. पुन्हा अणुस्फोट करणार नाही, असे त्यांनी जाहीरही केले. कागदावर पाहता यापेक्षा अनुकूल जोडी मिळणे कठीण होते.

१०/
तरीही जमले नाही. देशातील सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आणा, असा कार्टर यांचा आग्रह होता. ज्यांच्याकडे अण्वस्त्रांचे साठे आहेत त्यांनी आधी स्वतःकडे पाहावे, अशी मोरारजींची भूमिका होती. जानेवारी १९७८ मध्ये कार्टर दिल्लीत आले असता, मोरारजींना थंड आणि अगदी रोखठोक शब्दांत पत्र लिहावे लागेल, असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणाले. जवळचा ध्वनिक्षेपक चालू होता. सारे जगाने ऐकले.

११/
या प्रसंगाची मौज बाजूला ठेवून त्यातील इतिहास पाहावा. इंदिरा गांधी आणि मोरारजी देसाई यांचे एकमेकांशी जवळजवळ कशावरही एकमत नव्हते. परंतु अण्वस्त्रप्रसारबंदी करार पक्षपाती आहे आणि सर्व केंद्रे परक्या निरीक्षकांसाठी खुली करायची नाहीत, यावर दोघे एकाच जागी उभे होते. आणीबाणीनंतरच्या कडवट निवडणुकीने देशातील कितीतरी गोष्टी उलथवल्या; ही मात्र जागची हलली नाही. कारण ती कधीच एका पक्षाची भूमिका नव्हती.

१२/
१० मार्च १९७८ रोजी कार्टर यांनी अण्वस्त्रप्रसारविरोधी कायद्यावर स्वाक्षरी केली. दोन्ही सभागृहांत त्याला दोन्ही पक्षांचा भरघोस पाठिंबा मिळाला होता. ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे देखरेखीखाली नाहीत, त्याला अमेरिकी अणुइंधन नाही, असे त्याचे सूत्र होते. चालू करारांसाठी दोन वर्षांची सवलत ठेवली होती. १९६३ चा आंतरराष्ट्रीय करार १९७८ च्या अंतर्गत कायद्याने असा एकतर्फी बदलला गेला. 'करार मोडला' असे भारताने म्हटले, आणि त्यात तथ्य होते. पण अमेरिकेतील न्यायालये, आयोग आणि खासदार यांना बांधून ठेवणारा कागद त्यांचा स्वतःचा कायदा होता.

१३/
सवलतीची मुदत मार्च १९८० मध्ये संपली. त्याच वर्षी जानेवारीत इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या होत्या. मे महिन्यात अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने तारापूरसाठीच्या सुमारे ३८ टन इंधनाला परवाना नाकारला, तोही एकमताने. आता निर्णय कार्टर यांच्या हाती होता. हा कायदा आणणारे, त्यावर सही करणारे, त्याचा अभिमान बाळगणारे कार्टर.

१४/
जून १९८० मध्ये कार्टर यांनी आयोगाचा निर्णय फिरवून इंधन पाठवण्याचा आदेश काढला. राष्ट्राध्यक्ष बदलला नव्हता. जग बदलले होते. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या होत्या आणि भारताला दुखावणे अमेरिकेला परवडणारे नव्हते. तत्त्व आणि सोय यांच्यात निवड करण्याची वेळ आली तेव्हा तत्त्वाचा प्रणेताच सोयीच्या बाजूने उभा राहिला. धोरण बदलायला सत्तांतरच लागते असे नाही, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१५/
संसदेने मात्र बंड केले. १८ सप्टेंबर १९८० रोजी प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी हा पुरवठा फेटाळला. तो अडवायला दोन्ही सभागृहांचा नकार लागत होता. २४ सप्टेंबरला सिनेटमध्ये मतदान झाले आणि ४८ विरुद्ध ४६ मतांनी पुरवठ्याच्या बाजूने कौल लागला. पश्चिम भारताला वीज देणाऱ्या केंद्राचे इंधन दहा हजारांहून अधिक किलोमीटर दूर, दोन मतांच्या फरकाने सुटले. त्या मतदारयादीत ठाणे जिल्ह्यातले एकही नाव नव्हते.

१६/
१९८१ मध्ये रोनाल्ड रेगन आले. त्यांना या भांडणात रस नव्हता, पण कायदा रद्द करवण्याइतकी इच्छाही नव्हती. मग जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या वॉशिंग्टन भेटीत मध्यममार्ग निघाला: करार कायम, देखरेख कायम, फक्त इंधन अमेरिकेऐवजी फ्रान्सने द्यायचे. फ्रान्समध्ये वर्षभरापूर्वीच फ्रान्स्वा मितराँ यांचे समाजवादी सरकार आले होते. अमेरिकेचा कायदा शाबूत राहिला, भारताची भट्टी चालू राहिली आणि फ्रेंच कारखान्याला गिऱ्हाईक मिळाले. मुत्सद्देगिरीत याला यश म्हणतात.

१७/
पुढची कथा वेगाने सांगता येते. फ्रान्सने १९९२ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारात प्रवेश केला आणि त्यानेही सर्व केंद्रांवरील देखरेखीची अट स्वीकारली. १९९३ मध्ये तीस वर्षांचा मूळ करार संपला. फ्रेंच पुरवठाही संपला. १९९५ मध्ये इंधन आले ते चीनकडून. १९६२ चे युद्ध झालेला देश, जो तेव्हा पुरवठादार गटाचा सदस्य नव्हता आणि म्हणून त्याच्या नियमांनी बांधलेला नव्हता. २००१ मध्ये गटातील बहुतेक सदस्यांचे आक्षेप बाजूला सारून रशियाने इंधन दिले, आणि २००६ मध्ये पुन्हा. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी प्लुटोनियममिश्रित इंधनाचे काही संच तारापूरच्या भट्टीत घालून पाहिले.

१८/
या काळात एक प्रश्न तसाच पडून होता. वापरलेल्या इंधनाचे काय करायचे? अमेरिका ते परतही नेईना आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करण्यास संमतीही देईना. ते तारापूरलाच साठत गेले. करार संपल्यानंतरही भारताने स्वतःहून तेथील आंतरराष्ट्रीय देखरेख चालू ठेवली. संपलेल्या कराराचा सर्वात टिकाऊ अवशेष पाण्याच्या टाक्यांत बुडालेला होता.

१९/
निर्बंधांनी भारताला स्वावलंबी बनवले, असे गौरवाने सांगितले जाते. त्यात सत्य आहे. कल्पाक्कम, नरोरा, काक्रापार येथील जड पाण्याच्या भट्ट्या देशी अभियंत्यांनी उभारल्या आणि तारापूरच्याच आवारात ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. पण किंमतही मोजावी लागली. २००० सालापर्यंत १०,००० मेगावॉट, असे उद्दिष्ट १९८० च्या दशकात ठरवले होते. ते साल संपले तेव्हा प्रत्यक्ष क्षमता ३,००० मेगावॉटच्याही खाली होती. २००८ च्या सुमारास युरेनियम इतके अपुरे पडले की चालू भट्ट्याही निम्म्या क्षमतेच्या आसपास चालवाव्या लागत होत्या.

२०/
आणि तारापूरच्या त्या दोन नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. स्वावलंबनाच्या गौरवगाथेत ही नावे सहसा येत नाहीत.

२१/
आता २००५ ते २००८. १८ जुलै २००५ रोजी मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांनी अणुसहकार्याची घोषणा केली. भारताने नागरी आणि लष्करी केंद्रे वेगळी करायची, नागरी केंद्रे देखरेखीखाली द्यायची. बदल्यात जगाची इंधन बाजारपेठ भारतासाठी खुली व्हायची. या वाटेची पहिली पावले वाजपेयी सरकारच्या अखेरच्या महिन्यांत, जानेवारी २००४ मध्ये जाहीर झालेल्या सामरिक भागीदारीच्या कार्यक्रमात पडली होती. पण भाजप आता विरोधी बाकांवर होता आणि कराराच्या विरोधात होता. सत्तेची खुर्ची बदलली की दृष्टिकोन किती झपाट्याने बदलतो, याचे हे शालेय उदाहरण.

२२/
डाव्या पक्षांचा विरोध निराळा आणि सातत्याचा होता. अमेरिकेशी सामरिक जवळीकच त्यांना नको होती. जुलै २००८ मध्ये त्यांनी सरकारचा पाठिंबा काढला. २२ जुलैला विश्वासदर्शक ठरावावर मतदान झाले. त्याच दिवशी सभागृहात नोटांची बंडले फडकली. २७५ विरुद्ध २५६. सरकार १९ मतांनी वाचले, समाजवादी पक्षाच्या मदतीने. लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांनी पद सोडण्यास नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पक्षाने त्यांना काढून टाकले.

२३/
सप्टेंबरमध्ये पुरवठादार गटाने भारताला सूट दिली. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने करार मंजूर केला. मते किती? बाजूने २९८, विरोधात ११७. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तारापूरचे इंधन अडवण्यासाठीही त्याच सभागृहात नेमकी २९८ मते पडली होती. योगायोगच, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने वहीत टिपून ठेवावा असा. सिनेटमध्ये ८६ विरुद्ध १३. दोन्ही पक्षांची मते होती, म्हणूनच बुश गेले, ओबामा आले, ट्रम्प आले, बायडेन आले, तरी त्या सुटीला कोणी हात लावला नाही.

२४/
येथे एक प्रामाणिक शंका उपस्थित होते. भारतात तर हा करार विरोधकांच्या नाकावर टिच्चून, १९ मतांनी तरला. मग तो का टिकला? उत्तर भाजपच्याच भूतकाळात आहे. पायाभरणीत त्या पक्षाचा वाटा होता. विरोध तपशिलाला आणि श्रेयाला होता. २०१४ मध्ये सत्ता मिळाल्यावर त्याने करार मोडला तर नाहीच, उलट जानेवारी २०१५ मध्ये ओबामांच्या दिल्ली भेटीत त्यातील अडथळे दूर झाल्याची घोषणा केली. मुख्य अडथळा होता २०१० चा अणुदायित्व कायदा, आणि तो भाजपनेच घडवून आणला होता.

२५/
हा कायदा समजून घेण्यासारखा आहे. अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यायची, हा त्याचा विषय. जगभरचा प्रघात असा की सारी जबाबदारी केंद्र चालवणाऱ्या कंपनीची. भट्टी पुरवणारा नामानिराळा. मनमोहन सिंग सरकारचा मूळ मसुदा त्याच धर्तीचा होता. पण ७ जून २०१० रोजी भोपाळ वायुकांडाचा निकाल लागला आणि हजारो मृत्यूंबद्दल दोषींना दोन वर्षांची शिक्षा झाली. देशभर संताप उसळला. त्या वातावरणात पुरवठादाराला मोकळे सोडणारा कायदा कोणत्याही पक्षाला परवडणारा नव्हता.

२६/
विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. चालक कंपनीच्या भरपाईची मर्यादा ५०० कोटींवरून १,५०० कोटी रुपयांवर गेली. कलम १७ मध्ये असे आले की पुरवलेल्या साहित्यात दोष असेल तर चालक कंपनीला पुरवठादाराकडून वसुली करता येईल. मग एका शब्दावरून वाद पेटला. दोन उपकलमांच्या मध्ये 'आणि' हा शब्द आला होता. तो राहिला असता तर लेखी करारात तशी तरतूद असल्याखेरीज सदोष साहित्याबद्दल वसुली झालीच नसती. भाजप आणि डावे यांनी हे हेरले. 'आणि' गेला. त्यानंतर 'हेतूपूर्वक' अशा अर्थाची अट शिरली. तिच्यावरही गदारोळ झाला आणि तीही गेली. ऑगस्ट २०१० मध्ये कायदा संमत झाला.

२७/
विदेशी कंपन्यांना तो मुळीच रुचला नाही. २०११ च्या नियमांनी पुरवठादाराच्या जबाबदारीला मुदतीची मर्यादा घातली, २०१५ मध्ये १,५०० कोटींचा विमा निधी उभारला गेला. पण कलम हलले नाही. २०१४ मध्ये स्वबळावर बहुमत मिळवलेल्या सरकारनेही अकरा वर्षे त्याला हात लावला नाही. आपणच लिहवून घेतलेले कलम पुसणे अवघड असते. भारतीय अणुधोरणात वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांखाली इतकी वर्षे तग धरलेली तरतूद शोधायची तर कलम १७ चा विचार करावाच लागेल. मग ते कलम आवडो वा न आवडो.

२८/
राज्यांतील राजकारणाचे नमुने तर अधिकच बोलके. कुडनकुलमचा करार १९८८ मध्ये सोव्हिएत संघाशी झाला आणि तीन वर्षांत तो देशच उरला नाही. १९९८ मध्ये रशियाशी पुन्हा बोलणी करावी लागली. केंद्र तयार होत आले तेव्हा, सप्टेंबर २०११ मध्ये, जयललितांच्या मंत्रिमंडळाने लोकांची भीती दूर होईपर्यंत काम थांबवा असा ठराव केला. १८ मार्च २०१२ रोजी शंकरनकोविलची पोटनिवडणूक झाली. १९ मार्चला त्याच मंत्रिमंडळाने कामाला हिरवा कंदील दाखवला. लोकांची भीती एका रात्रीत दूर झाली असावी.

२९/
रत्नागिरी जिल्ह्यातील माडबनचे दैव याहून विचित्र. येथील जैतापूर प्रकल्पात १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या प्रस्तावित आहेत. डिसेंबर २०१० मध्ये सार्कोझी यांच्या भेटीत अरेवा कंपनीशी प्राथमिक करार झाला. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा घडले. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. शिवसेना विरोधात होती. २०१४ नंतर ती केंद्रात आणि राज्यात सत्तेत बसूनही विरोधातच राहिली. पुढे राज्यातील आघाड्या अनेकदा मोडल्या आणि जुळल्या.

३०/
दरम्यान फ्रान्समध्येही सत्ता बदलत होती. ओलांद यांनी विजेतील अणूचा वाटा पाऊणावरून निम्म्यावर आणण्याचे वचन दिले; माक्राँ यांनी २०२२ मध्ये नव्या भट्ट्यांची घोषणा करून दिशा उलटवली. अरेवा आर्थिक गर्तेत गेली आणि तिचा भट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफने घेतला. जैतापूरसाठी ठरलेल्या जातीची भट्टी फ्रान्समध्येच फ्लामाँव्हिल येथे २००७ मध्ये बांधायला घेतली होती. ती डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली. सतरा वर्षे. माडबनच्या जमिनी मात्र पहिल्याच घोषणेच्या काळात गेल्या होत्या.

३१/
डिसेंबर २०२५ मध्ये 'शांती' नावाचा नवा अणुऊर्जा कायदा आला. त्याने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा, दोन्ही रद्द केले. खासगी कंपन्यांना अणुवीजनिर्मितीचे दार उघडले. सदोष साहित्याबद्दल पुरवठादाराकडून वसुली करण्याची जी तरतूद 'आणि' काढून वाचवली होती, ती नव्या कायद्यात उरली नाही. उद्दिष्ट २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचे. २०२५ मधील क्षमता सुमारे ८.८ गिगावॉट.

३२/
या कायद्याच्या बाजूने म्हणण्यासारखे पुष्कळ आहे. १९६२ ची चौकट जुनी झाली होती, एका सरकारी कंपनीच्या बळावर दसपट वाढ होणे कठीण, आणि कोळशावरचा भार कमी करायचा तर अणूला वगळून भागणार नाही. आक्षेप कायद्याच्या दिशेपेक्षा तो आला कसा यावर आहे. १५ डिसेंबरला विधेयक मांडले गेले, १७ ला लोकसभेने आणि १८ ला राज्यसभेने ते आवाजी मतदानाने संमत केले. समितीकडे पाठवण्याची विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. २०१० मध्ये एका उभयान्वयी अव्ययावर जेवढी चर्चा झाली, तेवढा वेळही या संपूर्ण कायद्याला मिळाला नाही.

३३/
सरकारच्या समर्थकांचे म्हणणे असे की २०१० मध्ये चर्चा झाली म्हणूनच पंधरा वर्षे एकही फ्रेंच किंवा अमेरिकी भट्टी आली नाही. हा युक्तिवाद वजनदार आहे, पण अपुरा. त्या पंधरा वर्षांत अरेवा कोसळली, अमेरिकेची वेस्टिंगहाऊस २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली, फुकुशिमा घडले, आणि फ्रेंच भट्टीचा खर्च खुद्द फ्रान्सला पेलवेना. त्या सगळ्याचे खापर एका कलमावर फोडणे सोयीचे आहे, इतकेच.

३४/
आता पुरवठादाराच्या बाजूने विचार करावा. भट्टीचे आयुष्य साठ वर्षांचे, म्हणजे बारा लोकसभांचे. पॅरिस किंवा वॉशिंग्टनमध्ये करार तपासणारा वकील कायद्याचा मजकूर वाचेल, आणि शहाणा असेल तर तो मजकूर कोणाच्या मतांनी आला तेही वाचेल. डिसेंबर २०२५ मध्ये पुरवठादाराची जबाबदारी काढू नका म्हणणारे पक्ष एखाद्या राज्यात उद्या, केंद्रात परवा सत्तेवर येतील. एखादा अपघात, जगात कोठेही, त्या वेळी घडला तर? फुकुशिमा भारतात घडले नव्हते. माडबनच्या आंदोलनाला त्याने तरीही बळ दिले. १९६३ च्या करारात तीस वर्षांची हमी होती आणि ती पंधरा वर्षांत मोडली. मोडणारा देश लोकशाहीच होता. तेथे फक्त निवडणुका झाल्या होत्या.

३५/
तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या. जैतापूरचा अंतिम करार २०२५ संपेपर्यंत झालेला नव्हता. सुमारे ९३८ हेक्टर जमीन ताब्यात आहे, कुंपण आहे, आणि त्याच्या पलीकडे साखरी नाट्याच्या होड्या समुद्रात जातात.